पर्ल हार्बरची गाइडेड टूर: पैसे नक्की कशाचे मोजायचे

पर्ल हार्बरच्या टूरची जाहिरात वाचण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या. अ‍ॅरिझोना या, १९४१ च्या जपानी हल्ल्यात हवाईतल्या या बंदरात बुडालेल्या अमेरिकन युद्धनौकेच्या स्मारकाचं तिकीट फुकट असतं. स्मारक अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे. व्हिजिटर सेंटर, तिथली दोन्ही दालनं, बोटीने स्मारकापर्यंत जाणं-येणं, यांपैकी कशालाच पैसे पडत नाहीत. रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर आरक्षण केलं तर माणशी १ डॉलर शुल्क लागतं, बस्स. मग होनोलुलूतल्या हॉटेलांच्या वायकीकी भागातून सुटणारी टूर माणशी एवढे डॉलर घेते ते कशाचे?

बसच्या सीटचे तर आहेतच, पण त्यासाठी कुणी टूर घेत नाही. वायकीकी ते पर्ल हार्बर अंतर वीस किलोमीटरच्या आत आहे. टॅक्सीने सकाळी अर्धा-पाऊण तास लागतो आणि सिटी बसही जाते, फक्त तिला वेळ जास्त लागतो. खरे पैसे असतात ते अ‍ॅरिझोनाच्या बोटीचं वेळेसकट तिकीट मिळवून देण्याच्या जबाबदारीचे. आणि थोडे गाइडच्या बोलण्याचे.

म्हणून बुकिंग करताना शब्द नीट वाचा. ‘पर्ल हार्बर भेट’ असं लिहिलं असेल तर त्यात बोट असेलच असं नाही. नुसतं व्हिजिटर सेंटर दाखवून, किनाऱ्यावरूनच स्मारक दाखवून परत आणणाऱ्या टूरही विकल्या जातात, आणि किनाऱ्यावरून दिसतो तो लांबवर एक पांढरा ठिपका. ‘उपलब्धतेनुसार’ हा शब्द दिसला की समजा, तिकीट अजून त्यांच्या हातात नाही. सरळ विचारा: अ‍ॅरिझोनाच्या बोटीचं तिकीट टूरच्या किमतीत धरलंय का, आणि बोटीची वेळ काय? वेळ सांगता आली नाही तर ती टूर घेऊ नका. पुढे मिझुरी या संग्रहालय केलेल्या युद्धनौकेवर किती तास, हेही विचारा. उत्तर दीड तास असेल तर ते कमी आहे. का, ते पुढे येईलच.

स्वतः तिकीट काढायचं असेल तर पद्धत अशी. भेटीच्या ८ आठवडे आधी त्या दिवसाची तिकिटं खुली होतात, हवाईच्या वेळेनुसार दुपारी ३ वाजता. काही तिकिटं राखून ठेवलेली असतात, ती आदल्या दिवशी दुपारी ३ ला सुटतात. हवाईचे दुपारचे ३ म्हणजे भारतात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा. न्यू जर्सीकडच्या मंडळींसाठी उन्हाळ्यात रात्रीचे ९, हिवाळ्यात ८. सकाळच्या बोटींची तिकिटं पटापट जातात, म्हणून खातं आधी उघडून, कार्डचे तपशील भरून बसायचं. सगळ्यांची नावं-वयं हाताशी नसली की शोधाशोध करेपर्यंत वेळ हातची जाते. ८ आठवडे आधी जमलं नाही तर आदल्या दिवशीचा प्रयत्न जरूर करा. तेही फसलं तर सकाळी ७ ला सेंटर उघडतं तेव्हा प्रतीक्षेच्या रांगेत उभं राहता येतं. त्या रांगेची खात्री मात्र देता येत नाही. टूरचे पैसे वाचतात ते याच कामात, आणि हे काम ज्यांना नको असेल त्यांनी टूर घेणं अगदी योग्य आहे.

वारा जोरात असला की बोटी बंद होतात. स्मारकाच्या धक्क्याला बोट नीट लागत नाही म्हणून नौदल फेऱ्या रद्द करतं आणि त्यात कुणाचाच दोष नसतो. २०१८ च्या मे महिन्यात धक्क्याच्या बांधणीतच बिघाड झाला आणि २०१९ च्या सप्टेंबरपर्यंत स्मारकावर पाऊल ठेवता येत नव्हतं. त्या काळात बोटी जवळून फिरवून आणायच्या. चांगली टूर असं झाल्यास काय करणार ते आधीच लेखी सांगते: पैसे परत, की दुसरा दिवस, की काहीच नाही. सहलीच्या शेवटच्या दिवशी पर्ल हार्बर ठेवू नका, ते एवढ्याचसाठी. पहिल्या-दुसऱ्या दिवशी ठेवलंत तर वाऱ्याने घात केला तरी पुन्हा जाता येतं.

आता पिशव्यांचं. टूरमधली सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. आत पिशवी नेता येत नाही. पर्स नाही, कमरेचा पाऊच नाही, कॅमेऱ्याची बॅग नाही, बाळाच्या लंगोट-दुपट्यांची पिशवीही नाही. फोन, पाकीट, साधा कॅमेरा, पाण्याची पारदर्शक बाटली चालते. बाकी सगळं बाहेरच्या सामानघरात पैसे भरून ठेवायचं. तिथे सकाळी रांग लागते आणि त्या रांगेत बोटीची वेळ निघून जाऊ शकते. म्हणून हॉटेलवरून निघतानाच हात मोकळे ठेवा. खिसे असलेले कपडे घाला. साडी किंवा खिसा नसलेला कुर्ता घालणाऱ्यांनी औषधं, चष्मा, पैसे कुणाकडे द्यायचे ते आधीच ठरवा. पिशवी नाही म्हटल्यावर डबाही नाही, आणि बहुतेक टूरमध्ये जेवण धरलेलं नसतं. बस पहाटे सहाच्या आसपास घ्यायला येते, तेव्हा निघण्याआधी पोटभर खाऊन घ्या. आत मिळतं ते बर्गर-सँडविच वळणाचं, शाकाहारींना फारसा पर्याय नाही.

पासपोर्ट किंवा ओळखपत्र सोबत हवं. मिझुरी जिथे आहे ते फोर्ड बेट हा चालू लष्करी तळ आहे.

बोटीच्या वेळेआधी तासभर पोहोचणारी टूर चांगली. तो तास वाया जात नाही. दोन दालनं आहेत, एक युद्धाकडे नेणाऱ्या घटनांचं, दुसरं हल्ल्याचं. आधी ती पाहिली तर स्मारकावर उभं राहिल्यावर समोरच्या पाण्याचा अर्थ लागतो. सहा विमानवाहू नौकांवरून ३५० च्या वर विमानं दोन लाटांत आली. बंदर उथळ, टॉर्पेडो पाण्यात पडल्यावर खोल जाऊन तळाच्या गाळात रुतायचा, म्हणून जपान्यांनी टॉर्पेडोंना लाकडी पंख बसवले. हे दालनात नीट मांडलेलं आहे. बाहेर अ‍ॅरिझोनाचा एक नांगर ठेवलाय, वजन नऊ टनांच्या जवळपास. त्याच्या शेजारी माणूस उभा राहिला की जहाजाच्या आकाराचा पहिला अंदाज येतो.

बोट नौदलाची, चालवणारेही नाविकच. पूर्ण कार्यक्रम ४५ मिनिटांचा, त्यात प्रत्यक्ष स्मारकावर पाव तासाच्या आसपास. कमी वाटतो, पण बोटी पाठोपाठ येत असतात. इथे टूरचा गाइड बोलत नाही. बहुतेक टूरमध्ये तो बोटीवर येतच नाही, आणि आला तरी स्मारकावर शांतता पाळायची असते. म्हणजे तुमच्या टूरच्या गाइडने जे काही सांगायचं ते बसमध्येच. जो गाइड वायकीकीपासून बंदरापर्यंतच्या प्रवासात हवाईतले अननस आणि सिनेनट यांच्याबद्दल बोलत बसतो, तो तुमचा सगळ्यात महत्त्वाचा पाऊण तास घालवतो. चांगला गाइड त्या वेळात ७ डिसेंबर १९४१ चा रविवार ८ वाजेपर्यंत आणून ठेवतो, आणि स्मारकावर नजर कुठे टाकायची ते सांगून ठेवतो.

नजर टाकायच्या जागा तीन-चारच आहेत. स्मारकाची पांढरी इमारत १८४ फूट लांब आहे आणि बुडालेल्या जहाजावर आडवी बांधलेली आहे. जहाजाला ती कुठेच टेकत नाही. मध्ये खाली वाकलेली, दोन्ही टोकांना उचललेली. हा आकार आल्फ्रेड प्राइस या वास्तुविशारदाचा. तो ऑस्ट्रियात जन्मलेला, आणि हल्ल्यानंतर अमेरिकेनेच त्याला शत्रुराष्ट्राचा माणूस म्हणून काही काळ छावणीत स्थानबद्ध केलं होतं. १९६२ मध्ये त्याचं स्मारक खुलं झालं. मधल्या भागात उभं राहून एका बाजूला पाहिलं की पाण्यावर गंजलेलं एक गोल कडं दिसतं. मागच्या बाजूच्या एका तोफ-बुरुजाची ती बैठक. बाकी जहाज पायाखाली, पाण्यात. पुढच्या भागात चिलखत फोडणारा बॉम्ब घुसला, दारूगोळ्याचं कोठार उडालं आणि काही मिनिटांत ते तळाशी गेलं. १,१७७ जण गेले. त्यांपैकी नऊशेच्या वर अजून आतच आहेत. जहाजाच्या बँडमधले सगळे वादक त्या सकाळी मारले गेले.

मग पाण्याकडे पाहा, घाई न करता. जहाजाच्या टाक्यांतलं तेल अजून वर येतं. आधी काहीच दिसत नाही. मग एक काळसर थेंब तळाकडून सुटतो, पृष्ठभागावर येऊन फुटतो, आणि तिथून ताटाएवढं जांभळं-हिरवं वर्तुळ पसरत जातं. वारा त्याला लांबवतो, ते विरतं, तोवर दुसरा थेंब. ऐंशी वर्षं उलटून गेली, तरी हे चालूच आहे. अमेरिकन लोक याला जहाजाचे काळे अश्रू म्हणतात.

स्मारकाच्या शेवटच्या दालनात संगमरवरी भिंतीवर सगळी नावं आहेत. भिंतीसमोर खाली बसक्या दगडांवर आणखी काही नावं आहेत, आणि ती पाहायची राहून जातात कारण लोक भिंतीचाच फोटो काढतात. ही नावं त्या दिवशी वाचलेल्यांची. पुढे म्हातारपणी, आपापल्या घरी वारले, आणि अस्थी जहाजात आपल्या सोबत्यांजवळ ठेवाव्यात अशी इच्छा सांगून गेले. पाणबुडे अस्थिकलश घेऊन खाली जायचे आणि पाण्याखालच्या एका बुरुजातून आत ठेवायचे. चाळिसाच्या वर जण असे परत गेले. शेवटचा कलश २०१९ च्या ७ डिसेंबरला.

अ‍ॅरिझोनानंतर बहुतेक अर्ध्या दिवसाच्या टूर वायकीकीकडे वळतात, वाटेत होनोलुलू शहर आणि पंचबोल दाखवतात. पंचबोल म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीच्या वाडग्यातलं लष्करी दफनस्थान, १९४९ पासूनचं. जागा गंभीर आणि सुंदर आहे, पण टूरची बस तिथून नुसती फिरून बाहेर पडते, उतरता येत नाही. काचेतून थडग्यांच्या रांगा पाहून काही हाती लागत नाही. अर्ध्या दिवसाची टूर घेण्यापेक्षा अ‍ॅरिझोना स्वतः तिकीट काढून पाहा आणि पैसे पूर्ण दिवसाच्या, मिझुरीच्या टूरला राखून ठेवा. या ठिकाणाची अर्धी गोष्ट मिझुरीवर आहे.

मिझुरी फोर्ड बेटावर उभी आहे. तळ चालू असल्याने सामान्य पर्यटकाला स्वतःची गाडी नेता येत नाही. व्हिजिटर सेंटरहून शटल बस सुटते, तिचे पैसे मिझुरीच्या तिकिटात असतात. त्यामुळे टूर कंपनीची आलिशान बस असली-नसली तरी इथे फारसा फरक पडत नाही. ही युद्धनौका १९९२ मध्ये निवृत्त झाली, १९९८ मध्ये इथे आली आणि १९९९ च्या जानेवारीत लोकांसाठी खुली झाली. तिचं नाक अ‍ॅरिझोनाच्या दिशेला आहे. एका जहाजावर अमेरिकेचं युद्ध सुरू झालं, दुसऱ्यावर २ सप्टेंबर १९४५ ला संपलं, आणि दोन्ही आता समोरासमोर आहेत. नाकाच्या टोकाशी जाऊन पांढरं स्मारक शोधा. गाइड सांगायला विसरला तरी हे करा.

जहाज ८८७ फूट लांब. तिकिटातच जहाजावरच्या गाइडची सुमारे ३५ मिनिटांची फेरी असते, आणि ती पहिल्यांदा घ्या, मग एकट्याने हिंडा. हे गाइड टूर कंपनीचे नसतात, स्मारकाचे असतात आणि तयारीचे असतात. १६ इंची ९ तोफा, एकेका गोळ्याचं वजन १,२०० किलोच्या वर, पल्ला ३७ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे गेट वेवरून डागलेला गोळा थेट ठाण्याच्या पलीकडे जाऊन पडावा.

शरणागती ज्या डेकवर झाली तिथे लाकडात बसवलेली गोल पितळी फलकी आहे. टेबल होतं नाविकांच्या खाणावळीतलं, त्यावर हिरवं कापड. समारंभ अवघा २३ मिनिटांचा. शेजारच्या काचेत करारपत्रांच्या प्रती आहेत, त्या घाईत ओलांडू नका. जपानच्या प्रतीवर कॅनडाच्या प्रतिनिधीने आपली सही एक ओळ खाली, फ्रान्सच्या जागी केली. त्यामुळे पुढच्यांच्या सह्या एकेक ओळ खाली सरकल्या आणि न्यूझीलंडला ओळच उरली नाही. मग अमेरिकन जनरलने पेनाने देशांची छापील नावं खोडून दुरुस्त केली. जगातलं सगळ्यात मोठं युद्ध संपवणाऱ्या कागदावरच्या या खाडाखोडी स्पष्ट वाचता येतात. प्रत डोळ्यांजवळ आणून ओळीवर बोट फिरवत वाचावी तशी वाचा.

दुसरी जागा उजव्या अंगाला, मागच्या बाजूला. ११ एप्रिल १९४५ ला एक कामिकाझे, म्हणजे जपानी आत्मघातकी विमान जहाजाच्या कडेवर आदळलं. पोचा अजून तसाच आहे. वैमानिकाचा मृतदेह डेकवर सापडला. कप्तान विल्यम कॅलहन यांनी त्याला लष्करी इतमामात समुद्रात निरोप द्यायचा हुकूम दिला, आणि आदल्या दिवशी ज्यांच्यावर तो चालून आला होता त्याच नाविकांनी मानवंदना दिली. जहाजावर याची मांडणी मनापासून केलेली आहे, जपानी बाजू झाकलेली नाही.

हे सगळं, शिवाय खालच्या मजल्यांवरची खोल्या-खाणावळ-छापखाना-दवाखान्यांची वाट, एवढ्याला अडीच-तीन तास लागतात. दीड तासात फक्त वरचा डेक होतो. खालच्या मजल्यांकडे जाणाऱ्या शिड्या उभ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर उतरताना तोंड शिडीकडे ठेवून, दोन्ही हातांनी धरून उतरा. वरच्या डेकवर दुपारी ऊन रणरणतं, टोपी हवीच. इंजिनरूमपर्यंत नेणारी वेगळी, जास्त पैशांची फेरीही मिळते. यंत्रांची आवड असेल तर ती घ्या, पण बंद बूट घालून. चपला-सँडलवाल्यांना तिथे सोडत नाहीत.

मुंबईकराला या डेकवर विक्रांत आठवल्याशिवाय राहत नाही. ७१ च्या युद्धातली आपली विमानवाहू नौका काही वर्षं संग्रहालय म्हणून मुंबईत उभी होती, आणि २०१४ मध्ये दारूखान्यात तिचे तुकडे झाले. मिझुरी जपण्यामागे वर्षानुवर्षं तिकिटांचा पैसा आणि स्वयंसेवकांची मेहनत आहे. गंज काढणं, रंग, लाकडी डेकच्या फळ्या बदलणं हे कायम चालू असतं आणि ते चालू असताना दिसतंही.

मिझुरीच्या जवळच त्याच हल्ल्यात बुडालेल्या ओक्लाहोमा युद्धनौकेचं स्मारक आहे. पैसे नाहीत, रांग नाही, आणि तरी अर्ध्या टूर तिथे थांबत नाहीत. ४२९ पांढरे संगमरवरी खांब, एकेका मृतासाठी एकेक, नौदलाचे जवान कठड्याला रांगेत उभे राहतात तसे लावलेले. जहाज उलटं झालं, माणसं आत अडकली, आतून ठोकल्याचे आवाज येत राहिले. ज्यूलिओ डीकॅस्ट्रो या गोदीतल्या नागरी कामगाराच्या तुकडीने आणि इतरांनी तळाचा पत्रा कापून ३२ जणांना जिवंत बाहेर काढलं. गाइडला सांगून दहा मिनिटं इथे मागून घ्या.

बोफिन पाणबुडी व्हिजिटर सेंटरला लागूनच आहे, पण तिकीट वेगळं. १९४२ च्या ७ डिसेंबरला, हल्ल्याच्या बरोबर वर्षाने, ती पाण्यात उतरली. आत अरुंद वाट, गोल दारांतून पाय उचलून वाकून जायचं. चार वर्षांखालच्या मुलांना आत घेत नाहीत. टूरमध्ये ती असेल तर एक गोष्ट गाइडला विचाराच. १९४४ च्या ऑगस्टमध्ये या पाणबुडीने त्सुशिमा मारू हे जहाज बुडवलं. त्यावर ओकिनावाहून हलवलेली शेकडो शाळकरी मुलं होती, सुमारे दीड हजार माणसं गेली. या प्रश्नाला जो गाइड थांबून, नीट उत्तर देतो त्याच्यावर विश्वास ठेवावा.

विमान संग्रहालयही फोर्ड बेटावरच. विमानांत रस असणाऱ्यांनी अवश्य जावं. ७९ क्रमांकाच्या हँगरच्या काचांत गोळ्यांची भोकं अजून आहेत. रस नसेल तर तो वेळ मिझुरीला द्या. चारही ठिकाणं एका दिवसात कोंबणारी टूर म्हणजे चारही ठिकाणी धावपळ.

एक गोष्ट इथल्या कुठल्या टूरवर सहसा ऐकू येत नाही. मलायात, म्हणजे आजच्या मलेशियात, कोटा भारूच्या किनाऱ्यावर जपानी सैन्य पर्ल हार्बरच्या हल्ल्याआधी तासाभराहून जास्त वेळ उतरलं होतं. तिकडे तारीख ८ डिसेंबर, म्हणून मागाहून झाल्यासारखं वाटतं. त्या वाळूवर पहिला मारा झेलणारे होते ब्रिटिश हिंदी सैन्यातल्या डोगरा रेजिमेंटचे जवान. पर्ल हार्बरचं दालन पाहताना हे माहीत असलेलं बरं.

परतीच्या बसची वेळ विचारताना सामानघर केव्हा बंद होतं तेही विचारून ठेवा. मिझुरीहून शटलने यायला, रांगेत पावती दाखवून बॅग घ्यायला सहज अर्धा तास जातो, आणि टूरची बस एका माणसासाठी थांबत नाही.